‘माता पडद्याआड’ हा शेरा काढून टाकण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य तपासणी अधिकारी,
शाळाप्रवेश तपासणी कक्ष (बालवर्ग ते पहिली),
दुसरा मजला, खोली क्र. ६.

दि. १४ मार्च

विषय : बालवर्ग ‘ब’, हजेरी क्र. १७ हिच्या तपासणी-पत्रकातील तीन शेरे दुरुस्त करून फेरतपासणी मिळण्याबाबत.

संदर्भ : १) आपले पत्र, जावक क्र. ३१२, दि. २ मार्च.
२) प्रोजेक्टरसोबत मिळालेली माहितीपुस्तिका, पान ११ (अर्जदाराने उशिरा वाचले).

महोदय,

अर्ज सादर करण्यास कारण की, माझी कन्या (वय पाच वर्षे दोन महिने, घरी सर्वजण तिला ‘मुंगी’ म्हणतात) हिची प्रवेश तपासणी आपल्या कक्षात दि. २७ फेब्रुवारी रोजी झाली. तिच्या पत्रकावर तपासणीस बाईंनी पुढील शेरे दिले आहेत :
(अ) सर्व अक्षरे उलटी व उजवीकडून डावीकडे लिहिते.
(ब) घड्याळ चुकीचे वाचते.
(क) माता सोबत राहत नाही (?). पडद्याआडून शिकवते असे पाल्य सांगते. घरची चौकशी व्हावी.
या शेऱ्यांमुळे तिचे नाव पहिलीच्या यादीतून काढून विशेष वर्गाच्या यादीत घालण्याचे प्रस्तावित असून दि. २५ मार्च रोजी यादी कायम होणार आहे, असे आपल्या पत्रावरून समजते.

शेरा (अ) आणि (ब) खरे आहेत. शेरा (क) पाल्याने सांगितल्याप्रमाणे शब्दशः खरा आहे. तरीही तिन्ही चुकीचे आहेत, आणि चूक मुंगीची नाही, बाईंचीही नाही. ती कोणाची हे सांगण्यासाठीच हा अर्ज आहे. थोडा लांबला आहे, पण लहान लिहिला तर कोणी विश्वास ठेवणार नाही.

१) गेल्या नोव्हेंबरात माझ्या धाकट्या दिरांनी मुंगीला एक छोटा प्रोजेक्टर भेट दिला. त्यांचे अशाच वस्तूंचे दुकान आहे. यंत्र जेवणाच्या डब्याएवढे असून पिशवीत मावते, फोनला जोडले की फोनवरचे चित्र भिंतीवर दिसते. दीर म्हणाले, “वहिनी, लहान पोरालाही लावता येतो.” हे वाक्य मला लागले. मी पदवीधर आहे, विषय भौतिकशास्त्र. आरशातील प्रतिमेची डावी-उजवी बाजू बदलते, हे वाक्य मी परीक्षेत दोनदा लिहून त्याचे पूर्ण गुण मिळवलेले आहेत. ही माहिती मी स्वतःहून देत आहे, कारण पुढे ती माझ्याविरुद्धच जाणार आहे.

२) मुंगीला या यंत्रावर अक्षरे शिकवायची असे मी ठरवले. (बालवर्गात अक्षरे शिकवत नाहीत, फक्त खेळ घेतात. त्याबद्दल तक्रार नाही.) पेन्सिल मी दिली नाही. लवकर पेन्सिल धरली की बोटांचे वळण बिघडते असे मी कुठेतरी वाचले होते, शिवाय पेन्सिलीला टोक असते. यंत्र लावण्यापूर्वी मी धोक्यांची यादी केली : भिंगातून येणारा झोत डोळ्यांत जाणे, पंख्याची गरम हवा तोंडावर येणे, वायरीत पाय अडकणे, यंत्राचे तीन पायांचे तिकाटणे अंगावर पडणे, रिमोटमधील गोल सेल गिळला जाणे. पुस्तिकेची पहिली दहा पाने, म्हणजे सर्व इशारे, मी लाल पेनाने रेघा मारून वाचली. अकराव्या पानावर यंत्र कसे लावावे ते होते. तिथपर्यंत पोहोचेस्तोवर मला लावण्याची घाई झाली होती.

३) वरील सर्व धोके एका फटक्यात टाळणारी युक्ती मी काढली आणि त्या दिवशी मला स्वतःचे फार कौतुक वाटले. बाहेरची खोली आणि झोपायची खोली यांच्यामधल्या दाराला मी एक पातळ पांढरी चादर इस्त्री करून ताणून लावली. इस्त्रीच्याच टेबलावर यंत्र बाहेरच्या खोलीत ठेवले आणि शेजारी मी बसले. मुंगी चादरीपलीकडे, आतल्या पलंगावर, तिच्या आजीजवळ. झोत चादरीवर पडे आणि चित्र पलीकडेही स्वच्छ उमटे. वायर माझ्याकडे, गरम हवा माझ्याकडे, सेल माझ्याकडे. मुलीच्या वाट्याला फक्त ज्ञान.

४) पहिले आठ दिवस चित्र वर रुंद आणि खाली अरुंद, सुपासारखे येत होते. टेबलाच्या पायांखाली पुस्तके सरकवून, यंत्र मागेपुढे करून आणि भिंगाचे कडे केसाएवढे फिरवून मी ते काटकोनात आणले. त्यानंतर यंत्राला कोणी हात लावायचा नाही आणि धडा चालू असताना चादर कोणी हलवायची नाही, असा घरात नियम केला. (ये-जा करता यावी म्हणून पाचनंतर ती बाजूला सारायची आणि चारला चौकटीवरच्या खुणांवर पुन्हा ताणायची.) पुढे जवळजवळ चार महिने, रोज दुपारी चार ते पाच, खिडक्यांचे पडदे ओढून मी अक्षरे दाखवली. मी बाहेरून म्हणायचे, “हा क.” आतून आवाज यायचा, “क.” मग ती चादरीवर बोटाने अक्षर गिरवायची. तिच्या बोटाचा उंचवटा मला माझ्या बाजूने दिसे आणि तो माझ्या अक्षरावरून तंतोतंत फिरे, एवढासुद्धा न चुकता. मी त्याचे चित्रण करून सगळ्या नातेवाइकांना पाठवले. सर्वांनी शाबासकी दिली. दिरांनी तर दोनदा.

५) महोदय, आपण शास्त्र शिकलेले असाल तर घोटाळा आपल्या केव्हाच लक्षात आला असेल. चादरीच्या अलीकडून सुलट दिसणारे अक्षर पलीकडून उलट दिसते. यंत्राच्या यादीत यासाठी ‘पुढून’ आणि ‘मागून’ असे दोन पर्याय असतात. पडद्यामागे बसून बघायचे असेल तर ‘मागून’ निवडावे लागते, म्हणजे यंत्रच चित्र फिरवून देते. आमचे यंत्र चार महिने ‘पुढून’वर होते. मी त्याच्या पुढे होते. मुंगी मागे होती.

त्यामुळे तिचा काना अक्षराच्या डावीकडे लागतो, पहिली वेलांटी दुसरीच्या जागी जाते आणि दुसरी पहिलीच्या. घड्याळही मी तसेच शिकवले. तीन वाजता तिचे नऊ वाजतात, चारला आठ. बारा आणि सहा या दोन वेळा तिने आपल्याकडे अचूक सांगितल्या, त्याची नोंद मात्र पत्रकात दिसत नाही. माझ्या हाताची सावली दाखवून ‘ही डावी बाजू’ हेही मीच सांगितले होते. तेव्हापासून ती बूट उलटे घालू लागली, म्हणून मी तिला दोन महिने रागावत होते. तो राग आता कुठे जमा करावा हे कळत नाही.

६) घरात हे कोणाच्या लक्षात कसे आले नाही, असा प्रश्न आपल्याला पडेल. एका व्यक्तीच्या आले होते. माझ्या सासूबाई चारही महिने मुंगीशेजारी, म्हणजे पडद्याच्या तिच्या बाजूला बसत होत्या. आपले पत्र आल्यावर मी विचारले, “आई, तुम्हाला अक्षरं उलटी दिसत नव्हती का?” त्या म्हणाल्या, “दिसायची की. पण मला वाटलं, नवीन पद्धत असेल. मागे मी तिला पाटीवर श्री काढून दाखवला तर तूच म्हणालीस, आता असं शिकवत नाहीत. मग मी कशाला मध्ये बोलू?” हे मी म्हटले होते. चांगले मोठ्याने म्हटले होते. त्याचा पुरावा म्हणून जबाब हवा असल्यास सासूबाई आनंदाने देतील. त्यांनी तसे तीन वेळा कळवले आहे.

७) शेरा (क) बाबत. तपासणीस बाईंनी प्रेमाने विचारले की घरी कोण शिकवते. मुंगी म्हणाली, “आई. पडद्यामागून.” बाईंनी विचारले, मग आई दिसते का? “नाही. आई पलीकडे असते. तिचा फक्त आवाज येतो.” यात एकही शब्द खोटा नाही. बाईंच्या जागी मी असते तर मीही चौकशी लावली असती. पत्र वाचून मुंगीच्या वडिलांनी मला इतकेच विचारले, “तू पडद्याआड कधीपासून गेलीस?” त्यांना हसू येत होते. मला आले नाही.

दि. ६ मार्च रोजी आपले चौकशी कर्मचारी घरी आले तेव्हा दुर्दैवाने मी रिमोटचे सेल आणायला गेले होते. त्यांनी शेजारच्या काकूंना विचारले, मुलीची आई इथेच राहते का? काकूंनी माझ्या बाजूने अगदी ठासून सांगितले, “राहते म्हणजे काय! रोज चार वाजता आवाज येतो तिचा.” त्यावरून अहवालात ‘मातेचा आवाज येत असल्याला शेजाऱ्यांचा दुजोरा’ अशी नोंद झाल्याचे कळते. तरी कृपया नमूद करून घ्यावे की मी हयात असून याच घरात, याच मुलीसोबत राहते. हा अर्ज देण्यासाठी मी समक्ष खिडकीवर आले आहे. पोच देणाऱ्या लिपिकांनी मला पाहिलेले आहे.

८) आता जे लिहायचे ते लिहिणे मला अवघड जाते. चार महिन्यांत मुंगीने मला कितीतरी वेळा हाक मारली होती, “आई, तू ये ना इकडे.” दर वेळी मी म्हणाले, “येते हं, चादर हलेल.” आत जायचे तर चादर उचलावी लागली असती आणि आठ दिवस खपून साधलेला काटकोन ऐन धड्यात बिघडला असता. म्हणून मी गेले नाही. आपले पत्र आले त्या दुपारी मी यंत्र लावले, चादर वर केली आणि पहिल्यांदाच तिच्या शेजारी पलंगावर बसले. समोर माझीच अक्षरे होती, मीच निवडलेली, मीच रंगवलेली. मला त्यातले एकही धड वाचता येईना. मुंगीने माझे बोट धरून चादरीवर ठेवले आणि म्हणाली, “सोप्पं असतं आई, मी शिकवते.” आणि तिने मला ‘आई’ गिरवून घेतले. उजवीकडून.

मी तिची अक्षरे रोज तपासत होते, तिचे डोळे, बोटे, झोप, शिंका सगळे तपासत होते. ती कुठून बघते आहे, एवढेच तपासायचे राहिले.

९) त्याच दिवशी यंत्राचा पर्याय मी ‘मागून’ केला. मुंगीने एकदा पडद्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिले आणि तिला रडू फुटले : “तू सगळं उलटं केलंस!” (दिरांना फोन केला तर म्हणाले, “वहिनी, पान अकरा नाही वाचलंत?”) दुसऱ्या दिवशी चादर कायमची उतरवली. आता यंत्र आतल्याच खोलीत आहे, चित्र सरळ भिंतीवर पडते आणि आम्ही दोघी, सासूबाई हट्टाने आल्या तर तिघी, एकाच बाजूला बसतो. चित्र सुपासारखे येते. येऊ दे म्हटले आहे.

बारा दिवसांत बरीचशी मुळाक्षरे सुलट झाली. ‘र’ आणि ‘ग’ अजून मनाला येईल तिकडे वळतात, वेलांट्यांचे भांडण मिटलेले नाही. घड्याळाला अजून हात लावला नाही.

१०) विशेष वर्गाबद्दल माझ्या मनात आदरच आहे. तिथली जागा ज्या मुलाला खरोखर हवी आहे, ती आम्ही एका चादरीपायी अडवू नये, असे वाटते. मात्र मी लपवाछपवी करणार नाही. गेले बारा दिवस मला दोन भीती आळीपाळीने वाटतात. एक अशी की सगळे माझ्यामुळे झाले. दुसरी अशी की सगळे माझ्यामुळे झालेले नसले तर? ‘र’ अजूनही उलटा का? फेरतपासणीत खरीच काही अडचण दिसली तर मी तोंडातून शब्द न काढता ती मान्य करीन आणि सांगाल त्या वर्गात तिला पोहोचवीन. पण आधी माझी चूक बाजूला काढून मग तिच्याकडे पाहावे, एवढीच प्रार्थना आहे.

तरी विनंती की,
– यादी कायम होण्यापूर्वी हजेरी क्र. १७ हिची फेरतपासणी व्हावी;
– शेरा (अ) व (ब) यांपुढे ‘मातेने उलट बाजूने शिकवल्यामुळे’ असे शब्द घालावेत;
– शेरा (क) रद्द करावा.

आणखी एक विनंती आहे, ती नियमात बसत नाही हे मला माहीत आहे. आपल्या कक्षात तपासणी चालू असताना पालकांना दुधी काचेबाहेरच्या बाकावर बसवतात. मागच्या वेळी मीही तिथे बसून मुंगीची नुसती आकृती पाहत होते आणि ती छान लिहिते आहे असे समजून हसत होते. या वेळी मला आत, तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसू द्यावे. मी बोलणार नाही, खुणावणार नाही, हात पाठीमागे बांधून ठेवीन. बाईंनी कागद तिच्यासमोर ठेवला की तो तिला कसा दिसतो, तेवढे फक्त मला तिच्या बाजूने पाहायचे आहे.

कळावे. निर्णय काहीही झाला तरी तो आम्हाला दोघींना एकत्र कळवावा.

आपली नम्र अर्जदार,
(सही)
हजेरी क्र. १७ हिची आई
(सोबत राहणारी)

सोबत :
१) आपल्या पत्राची प्रत.
२) चादरीची दोन छायाचित्रे, एक माझ्या बाजूने व एक मुंगीच्या बाजूने. कोणते कोणाचे ते मागे लिहिले आहे.
३) माहितीपुस्तिका, पान ११ ची प्रत.
४) मुंगीने दि. १३ मार्च रोजी पेन्सिलीने लिहिलेला कागद. ‘र’ दोन्हीकडून लिहिला आहे. त्यातला बरोबर कोणता, हे तिने स्वतः गोल करून दाखवले आहे. मी सांगितलेले नाही.