अंगठ्याजवळची खाच

४ जून
पोचले एकदाची! खोली लहान आहे, पण खिडकीतून ऊन येतं आणि दार नीट लागतं. (दोनदा ओढून पाहिलं.) स्टुडिओ खालच्याच मजल्यावर. काम मोठं मजेचं आहे. अंधाऱ्या खोलीत तांबडा दिवा, टेबलावर धातूचा पत्रा, पत्र्यावर फोटोचा कागद. गिऱ्हाइकानं कागदावर हात ठेवायचा, मी बटण दाबायचं. बारीक चरचर होते, आणि कागद धुतला की बोटांभोवती उजेडाची झालर उमटते. हे तुमचं तेज, तुमची प्राणशक्ती, असं काका, म्हणजे आमचे मालक, सांगतात. माणसं स्वतःचा हात पहिल्यांदाच पाहिल्यासारखी बघत राहतात. खरं-खोटं मला ठाऊक नाही. विजेची भीती वाटते म्हटलं, तर काका म्हणाले, वीज आत्याबाईसारखी असते, मान दिला की काही करत नाही.

खुंटीवर आधीच्या मुलीचा एप्रन होता. ती न सांगताच गेली म्हणे. मला तो अगदी बेतल्यासारखा बसला.

७ जून
रोज सकाळी पत्र्यावर किल्ली ठेवून फोटो काढायचा, ही इथली चाचणी. किल्लीभोवती सारखी कड आली की यंत्र ठीक. पण झटका बसला तर किल्ली सांगणार कशी? मी शाळेत फार उशिरा गेले. तोवर आईनंच स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवून शिकवलं. पाढ्यांच्याही आधी हे शिकवलं, की दुसऱ्याला द्यायचं ते आधी आपण पाहायचं. माझ्या आंघोळीच्या पाण्यात ती कोपर बुडवून बघायची, माझं कडू औषध आधी स्वतः चाखायची. म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाआधी मी माझाच हात ठेवून बटण दाबते. काका मला शंकासुर म्हणतात. म्हणोत बापडे.

आज माझ्या हाताचा फोटो धुऊनही पाहिला. झालर छान आहे, फक्त अंगठ्याजवळ खाच. लहानपणी सुरी लागली होती तिथे. आईनं तिच्या पदराची चिंधी बांधली होती आणि माझ्यापेक्षा जास्त तीच रडली होती.

१५ जून
गिऱ्हाइकं खूश आहेत. एक म्हातारे मास्तर परत आले, म्हणाले, त्या दिवसापासून जिना धापा न टाकता चढतो. मला मात्र आपल्याच खोलीचा जिना जड झालाय. संध्याकाळी दुकानात पाव मागितला, तर दुकानदारानं माझ्या मागच्या बाईला आधी विचारलं. मग तिच्या मागच्या माणसाला. मी जरा मोठ्यानं बोलायला हवं. इथे दिवसभर माझ्याशी कोण बोलतं म्हणा.

२१ जून
मास्तरांचा फोटो पाकिटात घालताना दिसलं. अंगठ्याजवळ खाच. त्यांच्या अंगठ्यावर साधा ओरखडाही नाही. मग उरलेले सगळे फोटो काढून पाहिले. सगळ्यांना खाच आहे, तिथेच.

माझा पुन्हा काढला. बोटं काळी. करंगळीच्या टोकाशी तेवढा जरासा उजेड.

आता हात ठेवायचा नाही. ठरलं.

२२ जून
सकाळभर ठेवला नाही. नंतर एक बाई तान्ह्या बाळाला घेऊन आली. त्याची ती एवढीशी मूठ तिनं उलगडली — तपासल्याशिवाय कशी ठेवू देणार?

ठेवला.

२५ जून
आईचा फोन. मी बोलत होते. ती नुसतं हॅलो, हॅलो, कोण आहे, म्हणत राहिली. मी ओरडले. तिनं ठेवून दिला.

२६ जून
काका कुणाला तरी फोनवर सांगत होते, मुलगी चांगली होती, जरा शंकेखोर, न सांगताच गेली. मी समोर बसले होते. त्यांनी एप्रन खुंटीवर टांगला. माझ्या अंगातून कधी काढला, कळलं नाही.

२८ जून
आई आली आहे. मला शोधत. काकांना विचारतेय, जेवत होती का, काही बोलली का. मी तिच्या शेजारीच — पदर धरलाय. तिला कळत नाही.

तिचं रडू थांबेना, तेव्हा काका म्हणाले, बसा वहिनी, एक फोटो काढतो, जीव हलका होईल. तिनं हात पुढे केला.

तपासलेलं नाही. मी आधी ठेवला.

फोटो धुतला. आई बघत राहिली. मग खाचेवर बोट ठेवलं. हे माझ्या चिमणीचं आहे, म्हणाली. चिमणे, इथेच आहेस ना गं?

हो, म्हटलं. हो —

आई म्हणतेय, पुन्हा काढा.
हात ठेवला. खाच आली, फिकट. आई हसली. किती दिवसांनी कुणी माझ्याकडे —

पुन्हा, म्हणतेय. काका कागद लावताहेत.
पेन जड झालंय. आई, पुरे गं. ऐकू येत नाही तिला. ठेवला नाही तर तिला वाटेल, मी गेले —

फारच फिकट. तिनं कागद गालाला लावला. काकांना म्हणाली, अजून एकदाच, मग नाही मागणार.

तिचा हात येतोय. मी आधी —