सायकलची घंटा आणि तिसरीचा वर्ग

तीर्थरूप आत्या,

पत्राच्या सुरुवातीला वाकून नमस्कार करायची रीत आहे, पण सध्या मला वाकता येत नाही, तेव्हा हा नमस्कार उभ्याउभ्याच घे. (कंबर का धरली ते ओघात येईलच.) तुझे गुडघे काय म्हणतात? डोळ्यांत थेंब घालतेस, की बाटलीकडे नुसतं बघूनच बरं वाटतं? शेजारच्या शिंपीणकाकूंशी बोलणं सुरू झालं, की अजून कट्टीच? इकडे आम्ही सगळे मजेत. तुझी भाचेसून रोज माझ्या कमरेला शेक देते आणि देताना हसते. ती हसायची थांबली तर शेक लवकर आटपेल असं माझं मत आहे, पण ते मी तिला सांगितलेलं नाही.

तर हकीकत अशी. येत्या शनिवारी आमच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे आणि प्रत्येक वर्गानं एका संशोधकाचं आयुष्य करून दाखवायचं आहे. चौथीनं विमानवाले पळवले, दुसरीनं दिवेवाले, आणि माझ्या तिसरीच्या वाट्याला काय येतंय याची वाट न बघता मी शिक्षकांच्या खोलीत जाहीर करून टाकलं की आम्ही माझ्या आत्याला घेणार. सगळे चहा प्यायचे थांबले. आत्यानं काय शोधलं, असं गणिताच्या सरांनी विचारलं. मी म्हटलं, यंत्राला स्वतःची चूक कबूल करायला लावलं. सर हळूच म्हणाले, असं एखादं आमच्या घरीही बसवता येईल का? (तू चिडू नकोस. त्यांना खरोखर उत्सुकता आहे.)

मुलांना मी पहिल्यापासून सांगितलं. तू बटणांच्या कारखान्यात पुठ्ठ्याच्या कार्डांवर भोकं पाडायला लागलीस, ती भोकं वाचून ते कपाटाएवढं यंत्र ठरवायचं की बटण कुठल्या रंगाचं, केवढं आणि किती. यंत्र अतिशय आज्ञाधारक, पण अक्कल शून्य, असं मी म्हटल्यावर वर्गातल्या चौघांनी आपापल्या धाकट्या भावाचं नाव घेतलं. मग ती कसरीची, म्हणजे कागद-पुठ्ठा कुरतडणाऱ्या किड्याची, गोष्ट सांगितली. एका कसरीनं तुझ्या कार्डाला एक जास्तीचं भोक पाडलं, यंत्राला तुझं भोक आणि कसरीचं भोक यांतला फरक कळेना, आणि शर्टाच्या पांढऱ्या बटणांऐवजी बशीएवढी जांभळी बटणं दोन दिवस धो धो पडत राहिली. मुलं हसून हसून बाकांखाली गेली. पण बोलणी तुलाच बसली आणि तू घरी येऊन पाटावर बसून रडलीस, हे सांगितल्यावर सगळी पुन्हा बाकांवर येऊन बसली. एका मुलीनं तर कसरीला शाळेतून काढून टाका म्हणून सांगितलं.

आणि मग तुझी युक्ती! ती नुसती सांगून कळणार नाही, म्हणून आम्ही वर्तमानपत्राच्या टोप्या केल्या (तीन आठवडे करतोय, घरात वर्तमानपत्र वाचायला मिळत नाही). आठ मुलं ओळीत उभी. टोपी घातली म्हणजे भोक, नाही घातली म्हणजे नाही. पहिल्या सात जणांनी निरोप धरायचा आणि आठवा चौकीदार. त्यानं ओळीतल्या टोप्या मोजायच्या, सम असतील तर गप्प उभं राहायचं, विषम असतील तर स्वतः टोपी घालून त्या सम करायच्या. नंतर कसर होऊन कुणी एखादी टोपी उडवली की बेरीज विषम होते, चूक पकडली जाते, आणि घंटा वाजते. तू ही घंटा स्वतःच्या सायकलची काढून यंत्राला लावलीस आणि पुढचं वर्षभर रस्त्यातून ‘सरका, सरका’ ओरडत कारखान्यात गेलीस, हा भाग मुलांनी मला पाच वेळा सांगायला लावला.

आता इथे माझी चूक झाली, आणि ती पकडायला कुणी चौकीदार नव्हता. घंटेचं काम मी आमच्या वर्गातल्या पणबाईकडे दिलं. (प्रत्येक वाक्य ‘पण बाई’, ‘पण सर’ असं सुरू करते म्हणून हे नाव.) ‘चूक दिसली की घंटा वाजवायची,’ एवढंच मी तिला सांगितलं. आमच्या वर्गातली छोटी घंटा त्या दिवशी पहिलीवाल्यांनी गाण्यासाठी नेली होती, हे मला ठाऊक नव्हतं. सकाळी अकराला एका कसरीनं टोपी उडवली, पणबाईनं टोप्या मोजल्या, पाच निघाल्या, आणि ती शांतपणे बाहेर जाऊन शाळेची मोठी घंटा बदडायला लागली. आत्या, चार मिनिटांत शाळा रिकामी! मी फाटक लावायला धावलो. फाटक गंजलेलं, मी पन्नाशीचा, आणि पलीकडून सातवीचा अख्खा वर्ग जोर लावतोय. कंबर तिथेच गेली. मैदानात उरलो मी, पणबाई आणि मुख्याध्यापिकाबाई. त्या दिवशी नेमके शाळा बघायला आलेले पाहुणे बाईंच्या बाजूला उभे राहून विचारत होते की तुमच्याकडे शाळा रोज इतक्या लवकर सुटते का.

बाईंनी पणबाईला विचारलं, घंटा का वाजवलीस? ती म्हणाली, ‘पण बाई, चूक झाली होती ना!’ यावर बाईंनी तिला वर्गात पाठवून दिलं. मला मात्र त्या पुष्कळ बोलल्या. शेवटी निकाल असा लागला की ज्यांची ही घंटा आहे त्यांनी स्वतः येऊन ती पालकांना समजावून सांगायची, नाहीतर तिसरीनं शनिवारी खाली सतरंजीवर बसून दुसऱ्यांचं बघायचं.

गंमत म्हणजे, सव्वाअकरालाच घरी पोहोचलेल्या तिसरीच्या मुलांना घरोघर एकच प्रश्न विचारला गेला, आज लवकर कसे? उत्तरादाखल प्रत्येकानं कसर, टोप्या आणि चौकीदार समजावला. काल दूधवाल्यानं मला थांबवून विचारलं की त्या घंटावाल्या आत्या तुमच्याच ना? मला इतका आनंद झाला की मी त्याच्याशी हात मिळवला आणि पिशवी खाली पाडली. कारखान्यातल्या निरोपसमारंभात तुझ्या साहेबांनी घंटेचं नावही न काढता ‘या बाई भोकं फार सुबक पाडत’ एवढंच म्हटलं होतं आणि तू घरी येऊन शपथ घेतलीस की पुन्हा कुठल्या व्यासपीठाची पायरी चढणार नाही. मी दारातच उभा होतो, मला सगळं आठवतं. म्हणून मी तुला ये म्हणत नाही. मुळीच म्हणत नाही. फक्त कळवावं म्हणून लिहिलं.

तब्येत सांभाळ, शिंपीणकाकूंना क्षमा कर, आणि माझ्यावरचा लोभ निदान कंबर बरी होईपर्यंत तरी कमी होऊ देऊ नकोस.

तुझा,
उभ्यानं लिहिणारा भाचा

ता. क. १ : तू येणार आहेस असं मी मुलांना तीन आठवड्यांपूर्वीच सांगून बसलो आहे. टोप्या त्याच भरवशावर झाल्या. व्यासपीठ नाही, वर्गातली साधी खुर्ची आहे, पायरी एकही नाही. शपथ मोडत नाही, मी तपासलं आहे.

ता. क. २ : पणबाईनं काल विचारलं, दोन कसरींनी एकाच ओळीतल्या दोन टोप्या उडवल्या तर? मी म्हटलं, असं होत नसतं. लगेच दोघांनी करून दाखवलं आणि ओळ समच राहिली! मग डबा खाता खाता तीच म्हणाली, आठ ओळी एकामागे एक लावू आणि उभ्या रांगांतल्या टोप्याही मोजू. आत्या, ही तर तू नंतर उभ्या रांगांसाठी लावलेली दुसरी घंटा! तुला ती सुचायला तीन वर्षं लागली होती. ती म्हणते, तुमच्या आत्यांना हे सुचलंच नसणार. तिला उत्तर द्यायला मी कोण?

ता. क. ३ : शनिवारी सकाळी नऊला मी बसथांब्यावर उभा असेन. (बसता येतच नाही.) सायकलची घंटा पिशवीत टाक.

ता. क. ४ : पणबाईनं पत्र तपासलं. ता. क. तीन होते, विषम, म्हणजे कुठेतरी चूक आहे म्हणाली. शोधली तेव्हा सापडली, ‘मी तुला ये म्हणत नाही’ असं लिहिलं होतं. ये.