देठाची खूण

मंगळवार, संध्याकाळ

सकाळी गणपतीला जास्वंद वाहताना देठ देवाकडे वळवला आणि एकदम आठवलं. कॉलेजच्या प्रयोगशाळेतला तो कळीएवढा जीवाश्म. पाच पाकळ्या पाहून मीच, तिथल्या मदतनिसाने, सी-अर्चिनच्या, म्हणजे समुद्रातल्या काटेरी गोल प्राण्याच्या, खणात नावाची चिठ्ठी लावून ठेवलेला. देठ पाहिला होता का?

गेल्या गेल्या उलटा केला. खाली देठाची खूण! म्हणजे समुद्रतळाशी देठावर उभा राहणारा, आता नामशेष झालेला प्राणी, ब्लास्टॉइड. प्रात्यक्षिक परीक्षेत नेहा नावाच्या विद्यार्थिनीने तेच लिहिलं होतं, आणि माझ्या चिठ्ठीमुळे पोर नापास झाली. गप्प राहिलो असतो तर कुणाला कळलं असतं? पण देठाची खूण डोळ्यांपुढून हलेना.

पेपर तपासणाऱ्या मॅडमना सांगितलं. म्हणाल्या, "काका, मीपण चिठ्ठीच बघितली, दगड कुठे बघितला! आणा तिचा पेपर."

पेपर दिला. चिठ्ठीही माझ्याच हाताने बदलली.