सासूबाईंना जीपमधून तळ्यावर नेलं त्याची हकीकत

प्रिय लायलदादास,

डोंगरातल्या धाकट्या हॉलिसचा सपाटीवरच्या थोरल्या भावाला नमस्कार. तुझा गुडघा आता वाकतो का, आणि वाकल्यावर पुन्हा सरळ होतो का, ते कळव. वहिनी मजेत असेलच. जी बाई नेब्रास्कात एकही डोंगर न बघता हसतमुख राहू शकते, तिच्या प्रकृतीची चौकशी काय करायची! इकडे आम्ही सगळे सुखरूप आहोत. जीपसुद्धा सुखरूप आहे (तू विचारलं नाहीस, पण सांगून ठेवतो).

तर आमच्या कोरिनचं लग्न एकदाचं लागलं. फोनवर तू विचारलंस, "सगळं नीट झालं ना?" आणि मी नुसतं "हो" म्हणालो, कारण शेजारी रोवीना उभी होती, आणि बायको शेजारी असताना नवऱ्याने लांब उत्तरं देऊ नयेत. आता ती हकलबेरीची जांभळी रानफळं तोडायला गेली आहे, तेव्हा सविस्तर लिहितो. आमचा जावई एलियास जंगलखात्यात पायवाटा साफ करायचं काम करतो. चार भिंतींच्या आत त्याला गुदमरतं म्हणे. त्यामुळे लग्न चर्चमध्ये नाही, तर वर कड्याखालच्या तळ्याकाठी लावायचं ठरलं. पाहुण्यांनी पायवाटेने चढून यायचं. कोरिनला हे पसंत होतं, पण तिची एकच अट होती. आजी आल्याशिवाय ती 'हो' म्हणणार नाही.

आजी म्हणजे आमच्या सासूबाई, आर्डिथ. वय एक्याऐंशी, कंबर कामातून गेलेली, जीभ मात्र शाबूत. त्यांना पायवाटेने नेणं शक्य नव्हतं. पण डोंगराच्या मागच्या अंगाने ओंडके वाहणाऱ्या ट्रकांचा एक जुना रस्ता तळ्याच्या जवळपास जातो. मी छाती पुढे काढून म्हणालो, "मी आणतो त्यांना जीपमधून." (तुला माझी छाती ठाऊकच आहे. ती नेहमी माझ्या अकलेच्या चार पावलं पुढे असते.) रोवीनाने माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि हकलबेरीचे चार पायही माझ्याच हवाली केले. खायचे पाय, म्हणजे पिठाच्या पारीत फळं भरून भट्टीत भाजलेले, चालायचे नव्हेत. चालायच्यांची पाळी पुढे आलीच.

सासूबाई पुढे बसायला तयार होईनात. म्हणाल्या, "पुढे बसलं की तू काय करतोस ते दिसतं." म्हणून त्या मागे, मांडीवर एक पाय, बाजूला तीन. ओढा ओलांडला तोवर सगळं ठीक होतं. मग रस्त्याला दोन फाटे फुटले. त्या म्हणाल्या, "डावीकडे." मी उजवीकडे वळलो. का वळलो? दादा, तीस वर्षं जावई म्हणून काढल्यावर माणूस कधीतरी उजवीकडे वळतोच.

उजवा रस्ता आधी अरुंद झाला, मग चिंचोळा झाला, आणि मग रस्ता असल्याची नुसती अफवा उरली. दोन्हीकडून फरची झाडं जीपला गुदगुल्या करत होती. एका वळणावर मूस जातीची एक थोराड हरिणी रस्त्याच्या मधोमध उभी. मूस अंगाने घोड्याहून मोठी आणि समजूतदारपणाने तुझ्या माझ्या शाळेतल्या हेडमास्तरीणबाईंसारखी, म्हणजे अजिबात नाही. तिच्यावर हॉर्न वाजवणं म्हणजे बॉनेटवर खुरांचं निमंत्रण. मी इंजिन बंद केलं. ती चरत राहिली.

"हिला तरी ठाऊक आहे आपण कुठे आहोत ते," मागून आवाज आला.

मूस गेली, तेव्हा सूर्य चांगला वर आला होता आणि कड्यामागे ढग जमायला लागले होते. इथली दुपार तुला आठवत असेल. ऊन आहे म्हणेपर्यंत वीज कडाडते, आणि मग जंगलखातं तळ्याकाठी कुणालाही थांबू देत नाही, नवरीमुलीला तर नाहीच. मी घाईने जीप दामटली आणि पुढच्याच उतारावर पाण्याने कापलेल्या घळीत अडकवली. एक पुढचं चाक हवेत फिरत होतं आणि एक पाय (हकलबेरीचा) सासूबाईंच्या टोपीवर होता.

मी उतरून चाकाखाली दगड रचले. परत बसलो, ॲक्सिलरेटर दाबला, दगड उडाले. पुन्हा रचले, पुन्हा उडाले. तिसऱ्यांदा मी नुसताच रस्त्यावर बसलो. डोळ्यांसमोर कोरिन दिसत होती, पांढऱ्या झग्यात आणि चालायच्या बुटांत, वाटेकडे बघत असलेली. एकुलती एक पोर, दादा. मी बाहीने डोळे पुसले.

सासूबाई काठी टेकत खाली उतरल्या. टोपीवरची हकलबेरी बोटाने पुसून चाखली.

"रडतोस की काय?"

"धूळ गेली डोळ्यांत."

"असू दे. हवा सोड टायरांतली, थोडीच. आणि किल्ली आण इकडे."

"तुम्ही चालवणार?"

"नाही, झोपणार आहे स्टिअरिंगवर डोकं ठेवून! अरे, माझा बाप याच डोंगरावर ओंडक्यांचा ट्रक चालवायचा. तो प्यायलेला असला की मी चालवायची. आणि तो बहुधा प्यायलेला असायचा. हो पुढे, हात दाखव, आणि तोंड बंद ठेव."

मी पुढे उभा राहून हात दाखवत होतो आणि त्या माझ्या हातांकडे ढुंकूनही बघत नव्हत्या. जीप अशी हळू, मुंगी पानावरून जाते तशी, घळीच्या काठाकाठाने वर आली. थेट माझ्या अंगावर. मी झुडपात उडी मारली. तिथे बसून मी जे दृश्य पाहिलं ते विसरणार नाही. स्टिअरिंगवरून जेमतेम दिसणारे दोन डोळे, त्यांवर जांभळी टोपी, आणि तोंडभर हसू. त्यांचे सगळे दात मी पहिल्यांदाच पाहिले.

तिथून पुढे त्याच चालवत होत्या. डावा फाटा गाठून वर निघालो आणि तळं अर्ध्या मैलावर राहिलं असताना रस्त्यात लार्चचं एक भलंमोठं झाड आडवं पडलेलं. त्याच्यापुढे जीपच काय, रणगाडाही गेला नसता. ढग गडगडले. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मी पाठ वाकवली. त्या म्हणाल्या, "पाडलंस तर मेल्यावर येऊन छळीन," आणि चढल्या. एका हातात काठी, दुसऱ्यात उरलेला एकुलता एक धड पाय. वजनाने फार नाहीत रे. पण कानाशी अखंड सूचना चालू असल्या की ओझं दुप्पट होतं. मधेच सूचना थांबल्या. मला वाटलं, झोपल्या. तर हळूच म्हणाल्या, "दमलास तर थांब हं, हॉलिस." एवढं ऐकल्यावर कसला थांबतोय मी!

तळ्याकाठी सगळे कानकोंडे होऊन उभे होते, आणि कोरिन पाद्रीबाईंना सांगत होती, "आणखी पाच मिनिटं, फक्त पाच." आम्हाला बघून ती झगा गुडघ्यापर्यंत उचलून धावत आली आणि आम्हा दोघांना एकाच मिठीत घेतलं. एलियासच्या आईने विचारलं, "हे कोण?" आजवर सासूबाईंनी माझी ओळख 'रोवीनाचा नवरा' अशीच करून दिली होती, जणू माझी जबाबदारी त्यांच्यावर नाही. त्या माझ्या पाठीवरूनच म्हणाल्या, "हा माझा हॉलिस." मी घाम पुसायला म्हणून तोंड फिरवलं. दोघांचं 'हो' म्हणून झालं आणि गारा पडायला लागल्या. तो एक पाय चाळीस जणांनी ताडपत्रीखाली उभं राहून बोटांनी खाल्ला. इतका गोड पाय मी जन्मात खाल्ला नव्हता.

वहिनीला नमस्कार. गुडघ्याला शेक देत जा.

तुझा धाकटा,
हॉलिस

ता. क. त्या दिवशी सकाळी माझी जीप सुरूच झाली नाही. वर जिथे जिथे 'जीप' लिहिलं आहे, तिथे तिथे तू माझ्या कोठारात ठेवून गेलेली तुझी समजावी. तिच्यावर घातलेल्या ताडपत्रीची घडी नीट घालून तिथेच ठेवली आहे.

ता. क. २. ती सुखरूप आहे हे खरंच आहे. फक्त ती वर आहे. सासूबाईंना एलियासच्या दोस्तांनी पाळीपाळीने उचलून पायवाटेने खाली आणलं, पण जीपला उचलायला कुणी तयार झालं नाही. उतारावरून एक दरड आल्यामुळे मागचा रस्ता बंद आहे, आणि पुढून फिरून खाली उतरायचं तर लार्च आडवा आहेच. बर्फ पडायच्या आत मोठी करवत घेऊन ये. मी पायही करून ठेवतो.

ता. क. ३. किल्ली सासूबाईंच्या पर्समध्ये आहे. मागितली की विचारतात, "कुणाची जीप?" मी तुझं नाव सांगितलं. त्यावर म्हणाल्या, "मग येऊ दे त्याला. मागे बसवून खाली आणीन."