साखरेला दोन रबरं

विनू,

तू शिफ्टवरून येईपर्यंत मी यशवंतपूरला गाडीत बसलेली असेन, म्हणून हे लिहून ठेवतेय.

स्वयंपाकघर बघून ‘अक्कानं भंगार मांडलंय’ म्हणू नकोस. साखरेच्या बरणीला दोन रबरं आहेत, मिठाच्या बरणीला एक. कोथिंबिरीच्या जुड्यांचीच जमवली. अप्पांच्या सकाळच्या गोळ्या आइस्क्रीमच्या चौकोनी डब्यात आहेत, रात्रीच्या गोल डब्यात. तू ऑनलाइन एकसारखे डबे मागवणार होतास, ते रद्द कर. एकसारखे डबे हाताला कसे कळणार?

आणि यातलं काही स्वल्पसुद्धा हलवू नकोस. परवा कॉफीत मीठ पडलं म्हणून तू अप्पांवर ओरडलास. ते ‘लक्ष नव्हतं’ म्हणाले आणि तुला ते पटलंही. लक्ष होतं रे त्यांचं.

डॉक्टरांचा विषय त्यांच्यापुढे इतक्यात काढू नकोस. ‘मला सगळं दिसतं’ एवढंच म्हणतात. म्हणून रबरं मी त्यांना न सांगताच लावली. वाटलं, त्यांच्या ध्यानात येणार नाही, हात आपोआप शिकेल.

काल मिठाच्या बरणीचं रबर तुटलं. दुसरं लावायचं माझ्याकडून राहून गेलं. आज सकाळी बघते तर बरणीच्या गळ्याला अप्पांच्या चष्म्याची दोरी, एकच वेढा देऊन घट्ट बांधलेली. ते समोरच पेपर धरून बसले होते. मी हातातलं नवं रबर परत खणात ठेवून दिलं.

ती दोरी सोडू नकोस.

विद्याक्का