ज्याचा त्याचा पासवर्ड

प्रिय ओंकार,

तुझा मेसेज मिळाला. 'निके, ते पासवर्डचं झेंगट काढून टाक, आप्पांचा मान राहील.' फोनवर तू हसून विषय बदलला असतास, म्हणून कागद घेतलाय. नगरहून टपाल पोचेपर्यंत माझा राग निवेल, या भ्रमात राहू नकोस.

आपल्या दूध केंद्राचं सॉफ्टवेअर मी लिहिलं ते तुमची होणारी सून म्हणून नव्हे. मला ते काम येतं म्हणून. तिथं सगळ्यांचा मिळून एकच पासवर्ड, ग्रामदैवताचं नाव. नोंदी करणारी आरतीही तोच टाकायची, तुझे वडील आप्पाही, तूही. देवाच्या नावानं कुणी खोटं करणार नाही, असा तुमचा भाबडा हिशेब. मग तुझ्या चुलत्यांच्या दुधाची फॅट, जिच्यावर भाव ठरतो ती, यंत्रानं दाखवली त्याहून जास्त नोंदलेली सापडली, आणि सगळ्यांनी बोट दाखवलं आरतीकडे. का, तर संगणकापुढं ती बसते! चोर सोडून संन्याशाला फाशी. ती पोर पुणतांब्याच्या स्टँडवर माझ्या गळ्यात पडून रडली. म्हणाली, "ताई, म्या न्हाई केलं वं. पन दाखवू कशी?"

म्हणून मी प्रत्येकाला वेगळा पासवर्ड दिला. तुला कंटाळा येईल, तरी ऐक. नाव-गावाचे रकाने आतल्या माहितीला सहज बांधता येतात, म्हणजे रकान्यात लिहिलेलं लगेच आत उतरतं. चुकलं की लाल चौकट आपोआप येते. पासवर्डचा रकाना तसा बांधून घेत नाही. लिहिलेलं तो बाकीच्या प्रोग्रॅमपासूनही झाकून ठेवतो. साधा रकाना लावून वर ठिपके दाखवले असते तर काम झटक्यात झालं असतं. मी नाही केलं. तपासणी त्या रकान्यापाशीच ठेवली आणि पडद्याला बांधलं ते फक्त तिचं उत्तर, चालेल की नाही एवढंच. शब्द बाहेर येत नाही. रकाना रिकामा असेल, किंवा देवाचंच नाव असेल, तर चौकट लाल आणि 'पुढे'चं बटण मुकं. आप्पांनी चारचौघांत तेच नाव टाकलं आणि भडकले, "आमच्याच केंद्रात आमालाच कुलूप व्हय?" व्हय आप्पा, तुम्हालाही. तू मात्र पहिल्या झटक्यात जमवलंस आणि मला डोळा मारलास. किती आवडला होतास तेव्हा!

आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? मंगळवारी तुझ्या चुलत्यांची फॅट पुन्हा वाढवली गेली. आरती त्या दिवशी रजेवर होती. या वेळी वेगळ्या पासवर्डमुळे बदलाशेजारी बदलणाऱ्याचं नाव आपोआप उमटलं, आणि ते तुझं आहे. बुधवारी तुझा मेसेज आला, आप्पांच्या मानाचा. वाचून मी रडले, हे लपवत नाही. पण स्टँडवर आरती रडत होती तेव्हा तू शेजारी उभा राहून तिला पाणी दिलंस, ते मला पचत नाही. तपासणी मी काढणार नाही. सोमवारच्या बैठकीत ती नोंद सगळ्यांपुढं पडद्यावर उघडणार आहे. त्याआधी उठून स्वतःच्या तोंडानं सांगितलंस, तर साखरपुड्याचं आपण बोलू. नाही सांगितलंस, तर मी सांगेन, आणि मग बोलायला काही उरणार नाही.

सोमवारपर्यंत तुझीच,
निकिता