रिटाच्या डबीतलं तेल

८ सप्टेंबर, रविवार
फिलूकडे जेवलो. बांगड्याचं तिखलं, भात, सोलकढी. मी दोन वाट्या, नेहमीप्रमाणे. तिची रिटा ताटात नुसती बोटं फिरवत बसली, सोलकढी तेवढी मागून प्याली. सात वर्षांची पोर, फ्रॉक खांद्यावरून घसरतो. महिनाभर पोट फुगतंय, मधूनच जुलाब. सासू म्हणते, आईच धड खायला घालत नाही. यावर फिलू गप्प. माझी बहीण आणि गप्प! डोकंच फिरलं माझं. म्हटलं, उद्या हॉस्पिटलात तिच्या शौचाचा नमुना आण, लॅबमध्ये मीच बघतो.

९ सप्टें.
रिटाची डबी आली. काचपट्टीवर तेलकट थेंबच थेंब. किडा नाही, अंडं नाही.

११ सप्टें.
दुसरी डबी. तेच. चरबी पचत नसावी, तसं आमच्या हॉस्पिटलच्या डॉ. बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, असं असेल तर गोव्याला पाठवू, आतड्याचा तुकडा काढून तपासावा लागेल. फिलू बाकावर बसून ऐकत होती.
"माझा चेडू वाचतला मा रे?"
बोललो काहीतरी. आठवत नाही काय ते. भीती मलाही वाटली.

१३ सप्टें.
डॉ. बाईंना मानलं. गोव्याची चिठ्ठी लिहिता लिहिता थांबल्या. फिलूला म्हणाल्या, "नमुना देण्याआधी पोरीला काय दिलंत? घरगुतीसुद्धा सांगा."
"काय नाय. रातीक एरंडेल तेवडा. जंत भायर पडांदेत म्हणान. दोनव येळा."
तपासायला न्यायची म्हणून पोट धुऊन आणलेली! पाहुणे येणार म्हणून अंगण सारवावं तसं. आणि मी, इतक्या वर्षांचा लॅबवाला, एरंडेलाला आजार समजलो. त्या थेंबांआड काय लपलंय कोण सांगणार? बाईंनी कुणालाच बोल लावला नाही. चिठ्ठी ड्रॉवरमध्ये. आठवडाभर तेल बंद, मग ताजा नमुना, इथेच. असं विचारायला सुचतं कसं माणसाला.

२० सप्टें.
सापडला! जिआर्डिया. नमुना कोमट होता, स्वारी अजून पोहत होती. झाडाचं पान हेलकावत खाली येतं ना, तशी चाल. खाली निमुळता, वर दोन गोल डोळे. डोळे नव्हेत ते, पण बघतोय असंच वाटतं. एवढासा जीव, आतड्याला चिकटून अख्खी पोर वाळवतो. राग यायला हवा होता. मी मात्र बघतच राहिलो. देखणा आहे लेकाचा.
बाईंना बोलावून दाखवला. त्याही बराच वेळ लेन्सला डोळा लावून. औषध सुरू. गोवा रद्द.
फिलू रडली. आता रडायला काय झालं, विचारलं, तर मलाच ओरडली. बरं वाटलं.

२२ सप्टें., रविवार
हा जीव पाण्यातून पोटात जातो. मग आला कुठून? फिलू म्हणते, "पाणी आमी उकळूनच पितंव." खरंय, टोप रोज चुलीवर असतो. बाईंनी सांगून ठेवलेलं, पिण्याशिवाय पाणी कुठे कुठे जातं ते बघा. म्हणून स्वयंपाकघरात उभा राहिलो. फिलूने खोबऱ्यात विहिरीचं पाणी ओतलं, रस पिळला, कोकमाचं आगळ घातलं. सोलकढी तयार. चुलीचं तोंडही न बघता.
"फिलू, ह्या पाणी उकळलंस?"
"सोलकढीक कोण पाणी उकळता रे?"
कोण उकळतं? मीही नाही. पोर जेवत नाही, कढी तरी पिते म्हणून महिनाभर ती वाटीवर वाटी देत होती. कळलं तशी तिने पातेलं उचलून मोरीत ओतलं. उकळून गार केलेलं पाणी घेतलं, दुसरा नारळ फोडला.

४ ऑक्टो.
रिटा भाकरी मागून खाते म्हणे.
आज फिलू पिशवी घेऊन लॅबमध्ये. रिटाची डबी, आणि त्या विहिरीवरच्या सगळ्या घरांच्या. दारोदार गेली होती. असलं मागायला लोक लाजतात, द्यायला त्याहून. हिने गोळा करून आणल्या. मी तिच्याकडे बघतच राहिलो.
"सासूचीव आसा. कोणाकच एरंडेल घेवक दिलंय नाय."
"सासूने दिली?"
"काय बोलाक नाय. गुपचूप आणून दिल्यान."
जाता जाता दारात थांबली. "आनी तुजी खंय आसा रे? दर आयतवारी दोन वाट्यो कोण पिता?"

रिटाची पट्टी स्वच्छ. एका डबीवर भरवसा नाही, हा जीव लपतो. अजून दोन बघायच्यात. आता सासूची लावतोय.
माझी उद्या.